इस्माईलचाचांचा डावा हात

ईदच्या दिवशी गळाभेट घेतानाही इस्माईलचाचा आपला डावा हात पाठीमागे धरत. नव्या माणसाला वाटे, हातात काहीतरी लपवले आहे. जुन्यांना माहीत होते की लपवलेले काही नाही, हातच जपलेला आहे. त्यांचा उजवा हात रंगाऱ्याचा होता. थिनरने पांढुरका पडलेला, नखांच्या कडांत तीस वर्षांचे रंग. डावा मात्र त्याच माणसाचा वाटत नसे. मऊ, किंचित तेलकट, नखे मुळापासून कापलेली. रोज सकाळी त्यावर खोबरेलाचे दोन थेंब पडत. त्या हाताने ते कांदा चिरत नसत, पान्याला शिवत नसत, आणि माणसाला तर नाहीच.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा दापोलीहून निरोप आला. चाचा गेले, दफनही झाले, तिकडे त्यांचे काही राहिले आहे का, असे तो विचारत होता. नाही, असे मी कळवले. त्यानंतर बरेच दिवस दुसरे काही सुचेना, म्हणून हे लिहितो आहे. चाचा फार चांगले माणूस होते, असे मी लिहिणार नाही. तसे लिहिले असते तर त्या वाक्यावर बोट ठेवून ते म्हणाले असते, इथे लांबी भरलीय.

लांबी म्हणजे रंगाखाली भरतात ती पुटी. गाडी आपटली, पत्रा चेपला, की खड्डा लांबीने भरून घासतात आणि वरून रंग मारतात. काम चांगले असेल तर डोळ्यांना काही कळत नाही. चाचांच्या डाव्या हाताला कळत असे. हातावर जुन्या मलमलीचा एक तुकडा टाकून, डोळे मिटून, ते गाडीच्या अंगावरून बोटे फिरवत. कापडामुळे हात सरकतो आणि लाट लागते, असे ते म्हणत. पत्र्यावरच्या केसाएवढ्या चढउताराला ते लाट म्हणत. सगळी गाडी फिरून झाली की डोळे उघडत आणि एकच शब्द बोलत. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी असेल तर ‘कोरी’. नसेल तर ‘नाय’. त्या एका शब्दावर अबू माजिद गाडी घेत किंवा सोडत.

अबू माजिद आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर आम्ही तिकडे राहत होतो ते मालक. हुफूफच्या खजुराच्या बागांचे घराणे. वडिलांनी बागा वाढवल्या, यांनी अमेरिकन गाड्या जमवल्या. रियाधच्या अल सुलै भागात, टायरांच्या ढिगांच्या आणि भंगाराच्या आवारांच्या मधोमध, त्यांचे गोदाम होते. अर्ध्या गोदामात नव्या गाड्या. पाचशे, सातशे घोड्यांच्या ताकदीच्या, सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या. ट्रकमधून उतरून आपल्या जागेपर्यंत येण्याइतकाच त्यांचा प्रवास झालेला. दर गुरुवारी त्या दहा मिनिटे जागच्या जागी चालू करायच्या आणि बंद करायच्या, एवढीच त्यांची चाकरी. उरलेल्या अर्ध्यात जुन्या. एकोणसत्तरची कॅमारो, तीन मस्टँग, काळी चार्जर. नव्यांकडे चाचा बघतही नसत. “कालच जन्मल्यात,” ते म्हणत. “मेल्यावर बोलवा.”

मी तिथे कागद सांभाळत असे. गाड्यांचे सांगाड्यांवरचे क्रमांक टिपणे, फोटो काढणे, अमेरिकेतल्या विक्रेत्यांशी पत्रव्यवहार. आधी गावाकडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, ही गोष्ट चाचांना पहिल्याच आठवड्यात कळली आणि त्यांनी मला पंत करून टाकले. माझे खरे नाव त्यांनी कधी घेतले नाही. आमच्या खोल्या गोदामाच्या मागे होत्या. जेवणाची पाळी ठरलेली, पण चाचांच्या पाळीचे कांदे नेहमी मीच चिरत आलो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी असे तापते की नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा चाचा डावा हात मोरीच्या पडद्याबाहेर काढून आंघोळ करत. पडद्यातून बाहेर आलेला तो तेल लावलेला हात बघून एकदा आमच्याबरोबर काम करणारा शेलार हसला. पुढचे चार दिवस चाचांनी त्याच्या हातचा चहा ओतून दिला, तोही त्याच्यासमोर.

मी वाचत बसलो की ते समोर येऊन बसत. एकदा म्हणाले, वाच मोठ्याने. मी एका कथेची तीन पाने वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी बोट वर केले. “इथे भरलीय. ह्याच्या आधी माणूस बोलत होता, आता लेखक बोलतो.” मी ते परत वाचले. त्यांचे बरोबर होते. ती कथा मी पंधरा वर्षे उत्तम म्हणून लोकांना देत आलो होतो. नंतर ती मला कधी नीट वाचता आली नाही. तेवढ्यासाठीच त्यांनी ते केले असावे, असे मला कधी कधी वाटते.

जे सापडले ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि सांगताना समोर कोण आहे हे ते पाहत नसत. जेद्दाहच्या अल अझीझियातून एक निवृत्त शिक्षक गाडी घेऊन आले होते. वय सत्तरीच्या पुढे, बरोबर दोन मुले. हिरवी, दोन दारांची गाडी, त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ तरुणपणी छातीच्या दुखण्याने गेला होता आणि गाडी तेव्हापासून घरात झाकून ठेवलेली होती. कुठे आपटणार, ते म्हणाले, ती बाहेरच निघाली नाही. चाचांनी कापड टाकून हात फिरवला. छतावर गेले तेव्हा त्यांची बोटे थांबली. मग खांबांवर, मग काचेच्या कडेला. डोळे उघडून त्यांनी आपल्या मोडक्या, पण सगळ्यांना समजणाऱ्या अरबीत सांगितले की ही गाडी उलटलेली आहे, छत दुसऱ्या गाडीचे बसवले आहे, आणि जो चालवत होता तो काही वाचला नसेल.

म्हाताऱ्या शिक्षकांनी गाडीच्या छताकडे बघितले, मग मुलांकडे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षे सांभाळलेली गोष्ट चाचांनी दहा मिनिटांत उघडी केली होती. मुलांनी वडिलांना खुर्चीवर बसवले. अबू माजिद यांनी पाणी मागवले. आणि चाचा मलमलीची घडी घालून खिशात ठेवत होते.

संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, नुसते ‘नाय’ म्हणाला असतात तर चालले असते.

“मी गाडीला विचारला, तिने सांगितला,” चाचा म्हणाले. “त्याला ऐकायचा नव्हता तर कानात बोटे घालायची.”

आणि शेलार. हा साताऱ्याकडचा, चाळिशीचा, आमचा दुसरा रंगारी. हात चांगला होता, पण चाचांच्या मते झोपलेला होता. त्याने पंधरा पंधरा दिवस खपून एखादे दार तयार करावे, चाचांनी हात फिरवून ‘लाट’ म्हणावे आणि खिशातली किल्ली काढून त्या ताज्या रंगावर एक लांब ओरखडा ओढावा. मग शेलारने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. किती दारे आणि किती बॉनेट अशी गेली, ते मला आठवत नाही. त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून दुपारच्या नमाजापासून संध्याकाळच्या नमाजापर्यंत एकाच पत्र्यावर हात फिरवायला लावत. हात चुकीच्या जागी थांबला की लाकडी पट्टी बोटांवर बसे. शेलार रात्री बोटांना बाम लावताना शिव्या देई, पण सकाळी पुन्हा उभा राही, कारण असे शिकवणारा दुसरा कुणी नव्हता हे त्यालाही कळत होते.

त्याचे वडील वारले तेव्हा रजा मिळण्यासारखी नव्हती. तो दोन दिवस खोलीत पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी कामावर आला. त्या दिवशी त्याचे एक बॉनेट पुरे झाले होते. चाचांनी हात फिरवला, किल्ली काढली आणि ओरखडा ओढला.

“चाचा, आज नको होतं,” शेलार म्हणाला.

“बाप मेला म्हणून पत्र्याला लाट येते काय?”

नंतर मी एकटा असताना त्या बॉनेटवरून हात फिरवला. मला काही लागले नाही, पण माझ्या हाताला कधीच काही लागत नसे. म्हणून मी चाचांना विचारले, खरेच लाट होती का. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, नव्हती. शोकात बसून राहण्यापेक्षा त्याने काम करावे, म्हणून त्यांनी असे केले असेल, असा अर्थ लावून बघण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्या अर्थाला आधार देईल असे त्यांच्याकडून काहीच कधी आले नाही.

मग त्या वर्षीचा जुलै आला. दुपारचे जेवण झाले होते. चाचा मोरीत ताट धूत होते आणि माझ्याशी बोलत होते, कॅमारोच्या एका विक्रेत्याला मी लिहिलेले पत्र कसे बुळबुळीत आहे याबद्दल. त्यांचा डावा हात नळाखाली होता. पाण्यातून वाफ येत होती. हात मनगटापर्यंत लाल झाला होता आणि ते बोलत होते. मी पुढे होऊन नळ बंद केला. चाचांनी आधी नळाकडे बघितले. मग हाताकडे. मग दार लावून घ्यायला सांगितले.

त्यांची साखर बरीच जुनी होती. दवाखान्यातला केरळचा डॉक्टर म्हणाला, साखर आणि इतक्या वर्षांचे थिनर, दोन्हींनी मिळून नसा मारल्या आहेत, आणि मेलेल्या नसा परत येत नाहीत. पायांना बधिरपणा कधीपासून आहे, त्याने विचारले. चाचा म्हणाले, तीन वर्षे. बाहेर आल्यावर मी विचारले की मग तेव्हाच का सांगितले नाही.

“पायाने मी गाडी बघत नाय,” ते म्हणाले.

दवाखान्याच्या पायरीवर ते बराच वेळ बसले. नोकरीचे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. दर वर्षी अबू माजिद त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुढे चालू ठेवत होते तो या हातासाठी. रंगारी दुसरे शंभर मिळतात. गावाकडे बायको गेलेली, मुले आपापल्या घरी, बांधलेल्या घरात पुतण्या राहतो. “तिथे मी कोण?” ते म्हणाले. “तिथे मी साखरेचा एक म्हातारा. इथे मी आत आलो की गाडीची बोली थांबते.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “पंत, ती डबी किती लहान मिळते?”

रंगाची जाडी मोजणारे एक यंत्र असते. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. पत्र्यावर टेकवले की आकडा दाखवते. आकडा लहान तर नुसता रंग, मोठा तर खाली लांबी. दुसरे सगळे ग्राहक तेच वापरत आणि चाचा त्यांना आयुष्यभर हसत आले होते. तसले एक मी विकत आणले. गाडी आली की सांगाड्याचा क्रमांक टिपायला आणि फोटो काढायला नेहमी मीच आधी जात असे, त्यामुळे कुणाला संशय येण्याचे कारण नव्हते. फोटो काढता काढता मी खिशातली डबी जागोजाग टेकवायचो आणि गाडीच्या एका छापील रेखाचित्रावर बारीक खुणा करायचो. तो कागद चाचांना दाखवायचा. मग चाचा मलमल टाकून, डोळे मिटून, पाठ केलेल्या जागांवर थांबत थांबत हात फिरवत. सगळे आधीसारखेच दिसे. उलट त्या वर्षात त्यांचे नाव जास्तच झाले, कारण यंत्र कधी दमत नाही.

त्या वर्षात ते माझ्याशी सर्वांत वाईट वागले. चारचौघांत माझ्या अक्षरावर, चालण्यावर, माझ्या चष्म्यावर बोलत. पाहुण्यांसमोर मला हाक मारून विचारत की पंत, गाडीचे पुढले टोक कोणते, आणि मी दाखवले की म्हणत, शाबास, वाचून शिकला. माझ्याशिवाय त्यांचे चालत नाही, हे कुणाच्या मनातही येऊ नये, म्हणून असेल. पण त्यांना त्यात मजा येत होती, हेही खरे.

ती गाडी हुफूफहून आली. मॉडेल सांगत नाही. निळी होती, एकाच घरात राहिलेली, आणि तशी दुसरी आखातात नाही असे अबू माजिद मानत होते. लहानपणी त्यांनी ती पाहिली होती. त्यांच्या आईच्या नात्यातल्यांची होती. कित्येक वर्षे ते तिच्यामागे होते. मी नेहमीप्रमाणे फोटो काढले, डबी टेकवली. सगळीकडे आकडे लहान. मी रेखाचित्र कोरेच ठेवले. चाचांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, मागच्या चाकावरून दोनदा हात नेला, आणि डोळे उघडून म्हणाले, कोरी. अबू माजिद यांचे डोळे भरून आले. कारागिराला म्हणतात तसे ते चाचांना म्हणाले, ‘तस्लम ईदक’, तुझा हात सलामत राहो. हे ते प्रत्येक गाडीनंतर म्हणत, पण त्या दिवशी दोनदा म्हणाले.

दीड महिन्याने शेलार त्या गाडीच्या बाजूची चकचकीत पट्टी काढत होता. पट्टी काढताना त्याचा तळहात मागच्या चाकावरच्या पत्र्यावर टेकला आणि तिथेच राहिला. मी पाहत होतो. त्याने हात उचलला, पुसला आणि परत ठेवला. डोळे मिटले. मग तो उठला आणि दोन दिवस त्या गाडीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी तो सरळ अबू माजिद यांच्याकडे गेला.

पत्रा कधीतरी खोल चेपला होता आणि कुण्या जुन्या कारागिराने तो लांबीने नव्हे, शिसे वितळवून भरला होता. माझ्या डबीवर मधोमध जाडीचा आकडा दिसतो, आणि कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरे असतात. खाली लोखंड आहे की दुसरा धातू, ते ती अक्षरे सांगतात. शिशावर टेकवल्यावर आकडा लहानच आला होता, अक्षरे मात्र बदलली असणार. ती मी बघितली नव्हती. पुस्तकांच्या तळटीपा वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने आकडा वाचला आणि अक्षरे सोडली.

अबू माजिद आवाज चढवत नसत. त्यांनी चाचांना दुपारी बोलावले, समोर बसवले, आणि शांतपणे विचारले की एवढा हात एवढे मोठे शिसे कसे चुकला. मी तिथेच कागद घेऊन उभा होतो. डबी माझ्या खिशात होती. चाचांनी माझ्याकडे एकदाही बघितले नाही.

“मी पैसे घेतले,” चाचा म्हणाले. “हुफूफवाल्यांकडून. कोरी म्हणायचे.”

शुक्रवारी बघू, एवढेच म्हणून अबू माजिद उठले.

बाहेर आल्यावर मी चाचांना म्हणालो की हे काय केलेत, घरी पाठवतील, कदाचित पोलिसांत देतील.

“चोर ठरलो तर बरा,” ते म्हणाले. “चोराचा हात तरी चालतो.”

मी तेव्हा सांगू शकलो असतो. डबीचे, रेखाचित्रांचे, अक्षरांचे. सांगितले असते तर त्यांचा हात गेल्याचे माझ्याच तोंडून उघड झाले असते, असे मी स्वतःला बजावत राहिलो. माझा इकामाही अबू माजिद यांच्याच हातात होता, हे मी स्वतःला तितक्या वेळा सांगितले नाही.

शुक्रवारी जेवणानंतर पाच-सहा पाहुणे आले. सगळे गाड्यांचे शौकीन, सगळे चाचांना ओळखणारे. गालिचा घातला, कॉफी फिरली. अबू माजिद यांनी काळ्या चार्जरकडे बोट करून चाचांना सांगितले की हिचे डावे दार बघून सांगा, पाहुण्यांना तुमचा हात बघायचा आहे. ही गाडी चाचांनी स्वतः रंगवलेली, दाराचा इंचन् इंच त्यांना पाठ. यात काय कठीण, असा चेहरा करून ते उठले. खिशातून मलमल काढली, हातावर टाकली, डोळे मिटले.

तेव्हा, आधीच ठरले असावे तसा, शेलार पुढे आला. त्याने पावलांचा आवाज न करता त्या दारावर आडवी एक चिकटपट्टी लावली. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आंधळ्याला, लहान मुलाला, कुणालाही लागावी एवढी जाड कड झाली होती. शेलार मागे सरकला.

चाचांचा हात दाराच्या पुढच्या कडेपासून निघाला. सावकाश, त्या नेहमीच्या ऐटीत, मान किंचित कलती करून. बोटे पट्टीवर चढली, पट्टीवरून उतरली. परत आली. परत चढली, परत उतरली. गोदामात मोठा पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. तिसऱ्यांदा हात पलीकडे गेला आणि चाचांनी डोळे न उघडताच, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, “माझा काम हाय. लाट नाय.”

पाहुण्यांपैकी एकजण हसला. हसू आवरायला त्याने तोंडावर हात धरला होता, पण ते सुटले. मग दुसरा. चाचांनी डोळे उघडले आणि दारावरची पिवळी पट्टी बघितली. ती सोलून काढायला त्यांनी नख लावले, पण त्यांची नखे कापलेली होती. दोनदा प्रयत्न केला. शेवटी शेलारनेच येऊन ती काढली.

अबू माजिद यांचा चेहरा मोकळा झाला होता. फसवले गेलो नाही याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. ते पाहुण्यांना म्हणाले, बघितलेत, माझा माणूस चोर नाही, नुसता म्हातारा झाला आहे. मग चाचांच्या खांद्यावर हात ठेवून, प्रेमाने, ‘तस्लम ईदक’ म्हणाले. ते वाक्य त्यांनी चेष्टेने म्हटले नव्हते. चेष्टेने म्हटले असते तर बरे झाले असते.

खुरूजचे, म्हणजे कायमच्या परतीचे, कागद मीच तयार केले. दहा दिवसांत खलास. शेलारला दुसऱ्याच आठवड्यात चाचांचे काम मिळाले. जाण्याआधी चाचांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, की डावा हात वापर, उजवा खोटे बोलतो. शेलारने ऐकून घेतले. क्षमेचा शब्द दोघांकडूनही आला नाही. मला मात्र चाचांनी पेटी बांधता बांधता विचारले की त्या डबीत नक्की काय चुकले. मी बारीक अक्षरांचे सांगितले.

“अक्षरं?” ते म्हणाले. “अक्षरं वाचायची राहिली? पंत, तुझी?”

आणि ते हसायला लागले. त्यांना इतके हसताना मी कधी बघितले नव्हते. खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आले, पेटीच्या कडेला धरून ते हसत राहिले. ते कपडे भरतील याची वाट बघत मी उभा होतो.

विमान दुपारचे होते. मी त्यांना सोडायला गेलो. वाटेत ते खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते आणि एकेकीबद्दल बोलत होते, ही पुढून आपटलीय, ही मागून, हिचा मालक कंजूष. बरोबर होते की चूक, कुणास ठाऊक. आत जाताना त्यांनी निरोप घेतला नाही. यल्ला, पंत, एवढे म्हणून पेटी ढकलत ते रांगेत गेले.

पारपत्र तपासणीची खिडकी काचेपलीकडे लांब होती, पण दिसत होती. मी थांबलो. चाचांची पाळी आली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने कागद बघितले आणि ठसे घ्यायच्या यंत्राकडे बोट दाखवले. उजवा हात झाला. मग डावा. चाचांनी तो यंत्राच्या काचेवर ठेवला. अधिकाऱ्याने मान हलवली, नाही. हात आणखी दाबून ठेव, असे तो खुणेने सांगत होता. चाचांनी हात उचलला, परत ठेवला. पुन्हा नाही. मागची रांग चुळबुळायला लागली. अधिकारी उठून उभा राहिला आणि काहीतरी मोठ्याने म्हणाला.

तेव्हा चाचा मागे वळले. एवढ्या माणसांतून त्यांनी मला शोधून काढले. तोंड हलले नाही, पण काय विचारत होते ते मला कळले. हात टेकला आहे की नाही, ते त्यांना समजत नव्हते.

मधे काच होती, माणसे होती, आणि खिडकीची उंच कड. त्यांचा हात मला दिसतच नव्हता. मी मान हलवली. टेकला आहे.

चाचा पुढे वळले आणि खांद्यापासून जोर लावून उभे राहिले. थोड्या वेळाने अधिकाऱ्याने शिक्का मारला, पारपत्र पुढे सरकवले आणि मागच्या माणसाला बोलावले. मागचा माणूस पुढे झाला. चाचा तसेच दाबून उभे होते. शेवटी अधिकाऱ्याने दोन बोटांनी त्यांचे मनगट उचलले आणि बाजूला ठेवले.